भिंतीला मटेरियल लावताना: रेडिओ सिम्युलेशन नव्याने शिकणाऱ्यांसाठी

रेडिओ कव्हरेजचं सिम्युलेशन शिकायला घेतलं की सुरुवातीचा सगळा वेळ अँटेनात जातो. पॅटर्नची फाइल, झुकाव, पॉवर, उंची. मग इमारतीचा नकाशा आत घेतला जातो, सगळ्या भिंती एकदम सिलेक्ट होतात, यादीतून ‘काँक्रीट’ निवडलं जातं आणि रंगीत चित्र तयार! चित्र देखणं असतं, पण इमारतीच्या आतला प्रत्येक रंग त्या एका क्लिकवर अवलंबून असतो. ते काँक्रीट किती जाडीचं, कोणत्या वारंवारतेला, भरीव की पोकळ, हे कुणी विचारलेलंच नसतं.

इथे तेवढंच बघू: मटेरियल कसं भरायचं आणि भरलेलं बरोबर आहे का, हे इमारत उभी करण्याआधी कसं तपासायचं. गणित थोडं आहे, कॅल्क्युलेटरवर उरकण्यासारखं.

सॉफ्टवेअर भिंतीकडून काय मागतं?

मटेरियलची खिडकी उघडा आणि रकाने वाचा. तिथे फक्त ‘प्रति भिंत इतके डेसिबल’ असा एकच रकाना असेल, तर तुमचं साधन अनुभवजन्य मॉडेल वापरतंय. ट्रान्समीटरपासून रिसीव्हरपर्यंत सरळ रेघ ओढायची, वाटेत किती भिंती लागल्या ते मोजायचं आणि तेवढे डेसिबल वजा करायचे. कॉस्ट २३१ या युरोपीय संशोधन प्रकल्पाचं मल्टी-वॉल मॉडेल या घराण्यातलं. त्यात १८०० मेगाहर्ट्झच्या आसपास हलक्या भिंतीला ३.४ आणि जड भिंतीला ६.९ डेसिबल धरलेले आहेत. जड भिंतीला फक्त ६.९ म्हटल्यावर भुवया उंचावतात. पण हे आकडे एका सुट्या भिंतीचा तोटा सांगत नाहीत. खऱ्या इमारतीत सिग्नल दारातून, पॅसेजमधून वळसा घालूनही पोचतो, आणि मोजमापांशी मॉडेल जुळवताना तो वळसाही या आकड्यांत मुरलेला आहे. म्हणून हे आकडे उचलून रे ट्रेसिंगमध्ये, म्हणजे प्रत्येक किरणाची वाट वेगळी काढणाऱ्या पद्धतीत, टाकू नका. तिथे वळसे वेगळे मोजले जातातच, मग तोच फायदा दोनदा घेतला जाईल.

रकान्यांत परमिटिव्हिटी, वाहकता आणि जाडी विचारली असेल, तर ते रे ट्रेसिंग. पुढचा बहुतेक मजकूर त्याबद्दल आहे.

तीन आकडे

सापेक्ष परमिटिव्हिटी मुख्यतः परावर्तन ठरवते: भिंतीवर आपटून किती ऊर्जा परत फिरेल. वाहकता आणि जाडी मिळून शोषण ठरवतात: आत शिरलेल्यातलं किती जिरेल. ही विभागणी डोक्यात पक्की असली की निकालातली चूक कुठे शोधायची ते कळतं. लांब पॅसेजमधले आकडे बिघडलेत? परमिटिव्हिटी बघा. भिंतीपलीकडच्या खोलीतले बिघडलेत? वाहकता आणि जाडी बघा.

आकडे आणायचे कुठून? आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) पी.२०४० ही शिफारस सगळ्यांचं सामाईक उगमस्थान आहे. अनेक सॉफ्टवेअरांच्या तयार याद्या तिथूनच आलेल्या असतात. प्रत्येक मटेरियलसाठी चार गुणांक दिलेले असतात. पहिले दोन परमिटिव्हिटीचे, पुढचे दोन वाहकतेचे, आणि दोन्हींचं सूत्र एकाच घडणीचं: गुणांक गुणिले वारंवारतेचा घात. नेहमीच्या बांधकाम साहित्यांत परमिटिव्हिटीचा घात शून्य असतो, म्हणजे ती स्थिर राहते. वाहकता मात्र बहुतेकांत वारंवारतेबरोबर वाढते.

काँक्रीटचं उदाहरण पूर्ण सोडवू. परमिटिव्हिटी ५.२४. वाहकता = ०.०४६२ × (वारंवारता)^०.७८२२, सीमेन्स प्रति मीटरमध्ये. वारंवारता गिगाहर्ट्झमध्येच घालायची. २.४ गिगाहर्ट्झला वाहकता येते सुमारे ०.०९२. आता शोषण. कमी तोट्याच्या मटेरियलसाठी एक सोपं सूत्र चालतं:

प्रति मीटर डेसिबल ≈ १६३७ × वाहकता ÷ √परमिटिव्हिटी

५.२४ चं वर्गमूळ २.२९. म्हणजे मीटरला साधारण ६५.५ डेसिबल, १५ सेंटिमीटरच्या भिंतीत ९.८. त्यात दोन पृष्ठभागांवरच्या परावर्तनाचा तोटा मिळवा. हवा ते काँक्रीट अशी लहर सरळ आपटली तर सुमारे १५ टक्के ऊर्जा परत फिरते, म्हणजे दर पृष्ठभागाला ०.७ डेसिबलच्या आसपास. एकूण बेरीज ११.३ डेसिबल. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

तीच भिंत ५.५ गिगाहर्ट्झला सुमारे २० डेसिबल खाते आणि २८ गिगाहर्ट्झला ६८ च्या पुढे जाते. एका वारंवारतेला भरलेलं मटेरियल दुसऱ्या वारंवारतेच्या प्रोजेक्टमध्ये जसंच्या तसं कॉपी करणं म्हणूनच महागात पडतं. सॉफ्टवेअर चार गुणांक स्वीकारत असेल तर तेच भरा. फक्त वाहकता स्वीकारत असेल, तर दर बँडसाठी वेगळं मटेरियल बनवा आणि त्याच्या नावातच बँड लिहा.

एककांचा घोळ इथलाच. सूत्रात २.४ ऐवजी २४०० पडले तर वाहकता २० सीमेन्स प्रति मीटरच्या घरात जाते. समुद्राच्या पाण्याची सुमारे ५ असते! सॉफ्टवेअर एका शब्दाने तक्रार करत नाही, ते इमानेइतबारे चित्र रंगवून देतं.

आणखी एक बारकावा, जो याद्यांमध्ये सहसा लिहिलेला नसतो. पी.२०४० च्या २०१५ च्या आवृत्तीत काँक्रीटचे गुणांक वेगळे होते: ५.३१, ०.०३२६ आणि घात ०.८०९५. ते वापरले तर २.४ गिगाहर्ट्झला त्याच १५ सेंटिमीटरचं शोषण ७.१ डेसिबल येतं. नंतरच्या आवृत्त्यांतल्या गुणांकांनी ९.८. भिंत तीच, शिफारस तीच, आणि फरक पावणेतीन डेसिबलचा. दोन सॉफ्टवेअरांचे निकाल जुळत नसतील तर भांडण कधी कधी एवढ्यावरच मिटतं.

जाडी आणि थर: खरी मेख

भिंत म्हणजे एक ठोकळा नव्हे. नवख्यांचे सगळ्यात मोठे घोळ इथे होतात, म्हणून जरा रेंगाळू.

ऑफिसांतलं जिप्सम बोर्डाचं पार्टिशन घ्या. नकाशावर ते १० सेंटिमीटर जाड दिसतं. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना साडेबारा मिलिमीटरचं एकेक बोर्ड आणि मधे पोकळी. म्हणजे खरं मटेरियल फक्त अडीच सेंटिमीटर. जिप्सम बोर्डाचे गुणांक २.७३, ०.००८५ आणि घात ०.९३९५. २.४ गिगाहर्ट्झला मीटरला १९ डेसिबल होतात, म्हणजे खरं शोषण अर्धा डेसिबल आणि ‘१० सेंटिमीटर भरीव’ धरलं तर १.९. दीड डेसिबलाचा फरक, चालून जातो. पण २८ गिगाहर्ट्झला हाच हिशेब ४.८ विरुद्ध १९.३ होतो. साडेचौदा डेसिबल, तेही एका पार्टिशनमागे! अशी तीन पार्टिशनं ओलांडली की सिम्युलेशनमधला सिग्नल संपलेला असतो आणि खरा अजून चालू असतो.

सॉफ्टवेअर बहुथरी मटेरियल देत असेल तर बोर्ड, हवा, बोर्ड असे तीन थर भरा. देत नसेल तर जाडी २.५ सेंटिमीटर ठेवा आणि पोकळी विसरा. पोकळीतले उलटसुलट परावर्तनाचे परिणाम त्यात निसटतात, पण शोषण तरी जागेवर राहतं. पार्टिशनच्या आतल्या धातूच्या चौकटी बहुतेक प्रोजेक्टमध्ये सोडून दिल्या तरी चालतं. बोर्डामागे फॉइल लावलेलं असेल तर मात्र नाही. २.४ गिगाहर्ट्झला धातूत लहर जेमतेम तीन मायक्रोमीटर शिरते, त्यामुळे फॉइल आणि जाड पत्रा तिच्या दृष्टीने सारखेच. त्या पार्टिशनला सरळ ‘धातू’ लावा.

पोकळ ब्लॉकच्या भिंतीचंही हेच: बाहेरून मोजलेली जाडी म्हणजे मटेरियलची जाडी नव्हे. भरीव विटेला परमिटिव्हिटी ३.९१ आणि २.४ गिगाहर्ट्झला वाहकता ०.०२७ धरली की मीटरला २३ डेसिबलच्या आसपास येतात, म्हणजे काँक्रीटच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. ‘भिंत ती भिंत’ म्हणून विटांना काँक्रीट लावून टाकण्याची सवय किती नडते ते यावरून दिसेल.

आता काच. साध्या काचेत शोषण फार नसतं, पण दोन पृष्ठभागांवरून फिरलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि जाडीनुसार वाढतात किंवा कटतात. काचेची परमिटिव्हिटी ६.३१ आहे, त्यामुळे २८ गिगाहर्ट्झची १०.७ मिलिमीटरची तरंगलांबी काचेत ४.३ वर येते. जाडी त्याच्या निम्म्याच्या पटीत असेल तर परावर्तन जवळपास नाहीसं होतं. त्यात आणखी जेमतेम एक मिलिमीटर घातला की निम्म्याहून जास्त ऊर्जा परत फिरते, म्हणजे तीन डेसिबलहून थोडा जास्त तोटा. थोडक्यात, मिलिमीटर लहरींत काचेच्या जाडीची अंदाजपंचे नोंद चालत नाही. २.४ गिगाहर्ट्झला एवढा काटेकोरपणा नको.

पण काचेचा खरा सापळा तिच्यावरच्या लेपात आहे. उष्णता अडवणाऱ्या काचेवर धातूचा अतिपातळ थर असतो, डोळ्यांना न दिसणारा. मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या ३८.९०१ अहवालात साध्या काचेचा तोटा २ + ०.२ × वारंवारता आणि लेपाच्या काचेचा २३ + ०.३ × वारंवारता असा दिला आहे, वारंवारता गिगाहर्ट्झमध्ये. काँक्रीटसाठी ५ + ४ × वारंवारता. ३.५ गिगाहर्ट्झला हिशेब करा: साधी काच २.७ डेसिबल, काँक्रीट १९ आणि लेपाची काच २४. म्हणजे खिडकी भिंतीपेक्षा बंद! साध्या काचेचा ठोकळा जाड करून हा परिणाम साधायचा प्रयत्न करू नका, परावर्तन चुकेल. सॉफ्टवेअरमध्ये पातळ थराचा पृष्ठरोध भरायची सोय असेल तर ती वापरा. दर चौरसाला १० ओहम भरले की एकट्या थराचा तोटा सुमारे २६ डेसिबल येतो, म्हणजे अहवालाच्या आकड्याच्या जवळपास.

भिंत आणि खिडक्या वेगवेगळ्या न काढता एकच सरासरी मटेरियल लावायचं असेल, तर सरासरी डेसिबलची काढू नका. आधी दोन्हींची पार होणारी ऊर्जा काढा, क्षेत्रफळाच्या प्रमाणात मिळवा, मग परत डेसिबलमध्ये आणा. ३० टक्के साधी काच आणि ७० टक्के काँक्रीट असेल तर वरच्या आकड्यांनी उत्तर येतं ७.७. डेसिबलची भोळी सरासरी १४.१ सांगते. सिग्नल सोप्या वाटेने घुसतो, त्याला सरासरीशी देणंघेणं नसतं.

भूमिती: भिंत एक की दोन?

वास्तुविशारदाच्या मॉडेलमध्ये भिंत जाडीसकट काढलेली असते. दोन समोरासमोरचे पृष्ठभाग आणि मधे अंतर. बहुतेक रे ट्रेसिंग साधनं मात्र प्रत्येक पृष्ठभागालाच पूर्ण भिंत समजतात आणि जाडी मटेरियलमधून घेतात. अशा साधनात दोन्ही पृष्ठभागांना ‘१५ सेंटिमीटर काँक्रीट’ लावलं, की किरण दोन भिंतींतून जातो आणि तोटा ११ ऐवजी २२ डेसिबल होतो. सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका या एका मुद्द्यासाठी तरी उघडाच. पृष्ठभाग म्हणजेच भिंत असं तिथे लिहिलं असेल, तर मॉडेलिंगच्या साधनात भिंती मध्यरेषेवरच्या एकेका पातळ पृष्ठभागावर आणा. जाडी मटेरियलमध्येच राहू द्या.

कोपऱ्यांतल्या फटी मात्र बघा. मध्यरेषेवर आणताना भिंतींची टोकं कधी कधी एकमेकींना टेकत नाहीत आणि त्या बारीक फटीतून किरण बिनदिक्कत पार होतात.

एका भिंतीची चाचणी

अख्खी इमारत चालवण्याआधी हे करा, पंधरा मिनिटांचं काम आहे. रिकाम्या जागेत एक ट्रान्समीटर आणि १० मीटरवर एक रिसीव्हर, दोन्हींना सर्व दिशांना सारखे अँटेना. बाकी काहीही नको. २.४ गिगाहर्ट्झला मोकळ्या जागेतला मार्गतोटा ६० डेसिबल यायला हवा. तो आला की मधोमध, किरणाला काटकोनात, मोठी भिंत ठेवा. विवर्तन (कडांवरून वळणं) बंद, परावर्तन बंद, भिंतीतून पार होण्याची मर्यादा, म्हणजे किरणाने जास्तीत जास्त किती भिंती ओलांडायच्या ती संख्या, एक किंवा जास्त. काँक्रीट, १५ सेंटिमीटर.

उत्तर ७१ च्या जवळ आलं तर मटेरियल बरोबर भरलंय. ६० च आलं तर भिंतीला मटेरियल चिकटलेलंच नाही. ८२-८३ आलं तर भिंत दोनदा मोजली जातेय. काहीच पोचलं नाही, तर पार होण्याची मर्यादा शून्यावर आहे. ही मर्यादा कित्येक साधनांत मुळातच शून्य असते आणि काहींत तर भिंतीतून पार होण्याची सोयच नसते. तिथे वाहकता कितीही काळजीपूर्वक भरली तरी पलीकडच्या खोलीत तिचा पत्ता लागत नाही.

मग ट्रान्समीटर आणि रिसीव्हर असे सरकवा की किरण भिंतीच्या लंबाशी ६० अंशांचा कोन करून पडेल. सरळ रेघेने मोजलं तर १५ सेंटिमीटरच्या भिंतीत ३० सेंटिमीटर वाट होते. पण काँक्रीटमध्ये शिरताना लहर वाकते, आतला कोन २२ अंशांवर येतो आणि खरी वाट फक्त १६.२ सेंटिमीटर भरते. तुमचं सॉफ्टवेअर तिरप्या किरणाचं शोषण दुप्पट करत असेल तर ते सरळ रेघ धरतंय हे समजून घ्या, आणि लांबलचक पॅसेजला लागून असलेल्या खोल्यांचे आकडे त्या हिशेबाने वाचा. याच कोनाच्या आसपास ध्रुवीकरणही, म्हणजे लहरीचं विद्युतक्षेत्र कोणत्या दिशेला डोलतं तेही, खेळ करतं. काँक्रीटसाठी ६६ अंशांजवळ एका ध्रुवीकरणाचं परावर्तन जवळपास शून्यावर येतं, दुसऱ्याचं उलट वाढलेलं असतं. त्यामुळे अँटेना उभा की आडवा, हे चाचणीच्या नोंदीत लिहा.

प्रत्येक नव्या मटेरियलची ही चाचणी करायची. पाच-सहा मटेरियल असतात, फार नाही.

खडबडीतपणा आणि सळया

पृष्ठभागाची उंचसखलता तरंगलांबीच्या आठव्या भागाहून कमी असेल, तर काटकोनात पडणाऱ्या लहरीसाठी तो गुळगुळीत समजतात. २.४ गिगाहर्ट्झला ही मर्यादा दीड सेंटिमीटर आहे, म्हणून गिलाव्याची चिंता नको. २८ ला ती १.३ मिलिमीटरवर येते. तिथे विखुरण्याचा गुणांक भरायची सोय असेल तर भरा, नसेल तर आरशासारखे परावर्तित होणारे किरण थोडे जास्तच जोरदार दिसतील एवढं लक्षात ठेवा.

काँक्रीटमधल्या लोखंडी सळयांची जाळी पी.२०४० च्या आकड्यांत धरलेली नाही. जाळीची घरं तरंगलांबीच्या निम्म्याहून लहान झाली की ती जाणवायला लागते. १५ सेंटिमीटरची घरं ९०० मेगाहर्ट्झला अडथळा करतात, ५ गिगाहर्ट्झला त्यामानाने कमी. ओलावाही आकडे वर नेतो, नव्या बांधकामात विशेष.

मोजमापाशी जुळवणी

इमारत हाताशी असेल तर मोजा. एका बिंदूवरचं मोजमाप मात्र कुचकामी, कारण हातभर सरकलं की सिग्नल सहज १०-१५ डेसिबल वरखाली होतो. २० ते ४० तरंगलांबी एवढ्या पट्ट्यात सरासरी घ्यायचा रूढ ठोकताळा आहे, २.४ गिगाहर्ट्झला अडीच ते पाच मीटर. भिंतीच्या अलीकडे एक पट्टा, पलीकडे एक. दोन्हींमधला फरक सिम्युलेशनमधल्या त्याच दोन पट्ट्यांच्या फरकाशी ताडून बघा. नुसत्या भिंतीच्या आकड्याशी नको, कारण पलीकडे दारातूनही सिग्नल येतोय.

जुळत नसेल तर एका वेळी एकच आकडा हलवा. शोषण वाहकता आणि जाडीच्या गुणाकारावर चालतं, त्यामुळे दोन्ही सोबत हलवले तर कोणता खरा हे कधीच कळणार नाही. जाडी प्रत्यक्ष मोजता येते, ती मोजा आणि गोठवा. मग वाहकता हलवा. परमिटिव्हिटीला शेवटपर्यंत हात लावू नका, नाहीतर पॅसेज बिघडेल. आणि प्रत्येक भिंतीला वेगळा आकडा देऊन मोजमापाशी तंतोतंत जुळवायचा मोह होतो, तो टाळा. असं मॉडेल मोजलेल्या खोल्यांत अचूक आणि बाकी सगळीकडे बेभरवशाचं ठरतं. मटेरियलचे चार-पाच वर्ग ठेवा, वर्गाला एक आकडा, आणि काही खोल्यांची मोजमापं जुळवणीत न वापरता बाजूला ठेवा. मॉडेलची परीक्षा त्या खोल्यांवर घ्या.

हलवलेली वाहकता मूळच्या तिप्पट-चौपट व्हायला लागली तर थांबा. तेवढं काँक्रीट बदलत नाही. कुठेतरी लेपाची काच, फॉइल किंवा लिफ्टचा खड्डा नकाशात यायचा राहिलाय. तो शोधून काढा आणि वाहकता मूळच्या आकड्यावर परत आणून पुन्हा ताडून बघा.